अर्थ

गॅरेजात आणली की गाडी शहाणी.
चावी फिरवली, सुरू.
पुन्हा फिरवली, सुरू.
चहा येईस्तोवर तौसीफने अकरा वेळा फिरवली,
अकराही वेळा सुरू.
केदारे सिस्टर बाजूला उभ्या.
घरी आकांत करणारं पोर डॉक्टरांपुढे हसावं
आणि आई खोटी पडावी, तशा.

आधी तीन दारं झालेली.
द्वारकेला बॅटरी बदलली.
मुंबई नाक्याला स्टार्टर खोलला, पुसला, बसवला, अठराशे.
तिसऱ्याने क्लचची केबल बदलली, दोन महिन्यांत दोनदा,
वर म्हणाला, मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता.
हे सांगताना त्या माझ्याकडे नाही,
सातपूरच्या रस्त्याने चाललेल्या टँकरकडे बघत होत्या.

मग पर्समधून वही काढली.
तापाच्या तक्त्यासारख्या आखलेल्या रेघा.
सोमवार, पहाटे सव्वापाच, म्हसरूळ, घराखाली. नुसतं टक्. सहाव्यांदा लागली.
गुरुवार, सिव्हिलचं पार्किंग. लगेच लागली.
शुक्रवार, म्हसरूळ. टक्. दिवे लख्ख. रिक्षाने गेले.
शनिवार, म्हसरूळ. टक्. क्लच जड.
रविवार, म्हसरूळ. लागली. काल जागा नव्हती, उलटं तोंड करून लावलेली.

तीस वर्षं वायरी सोलतोय,
गिऱ्हाईक एवढं लिहून आणत नाही.
आणतं ते फक्त, बघा ना काहीतरी होतंय.

दिवे लख्ख, म्हणजे बॅटरी निर्दोष.
टक्, म्हणजे हुकूम पोचतोय, हात उठत नाहीत.
आणि क्लच?
क्लचचा इथं काय संबंध, ते रात्री जेवताना सुचलं,
घास हातातच राहिला.
फोन केला: सिस्टर, गाडी हलवू नका. मीच येतो.

पहाटे पाच. टेकडीवरून येणारं वारं
कानाच्या पाळ्या सोलत होतं.
गाडी उतारावर, नाक खाली, नेहमीच्या जागी.
त्या आत बसल्या. चावी.
टक्.
खोटं कशाला बोलू, आनंद झाला.
त्यांनाही झाला.
रोग सापडला म्हणून नव्हे,
दुसऱ्या कुणीतरी ऐकला म्हणून.

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला,
दुसरी इंजिनच्या अंगाला.
मारा सेल्फ.
आकडा शून्यापाशी हवा.
नऊ.
क्लचच्या केबलला हात लावला
आणि झटकन काढला. चटका.

असं असतं सिस्टर,
करंट गेला की त्याला परतही यावं लागतं.
इंजिनपासून बॉडीला एक पट्टी असते, बोटभर रुंद,
तांब्याच्या बारीक तारांची वेणी.
आमच्यात तिला अर्थ म्हणतात.
ही बघा, वरून धडधाकट.
बोल्ट काढला तर खाली हिरवी बुरशी,
सात-आठ तारा उरलेल्या, त्याही एकमेकींना टेकून.
सपाटीवर निभावतं.
उतारावर इंजिन पुढे झुकतं, पट्टी ताणते,
टेकलेलं सुटतं.
मग करंट काय वाट बघत बसत नाही,
मिळेल त्याच्या अंगावरून घरी जातो.
इथं केबलच्या.
ती बिचारी आतून भाजत होती, म्हणून जड.
तुमच्या पायाचं काही नव्हतं.

ब्लॉकपासून मायनसपर्यंत एक जंपर धरला.
चावी.
समोरच्या गॅलरीत कुत्रं भुंकायला लागलं,
एवढ्या जोरात लागली.

सिस्टर हसल्या नाहीत.
वही उघडली, बोनेटवर ठेवून लिहिलं:
५.२०. म्हसरूळ. उतार. लागली.
पेन थांबलं, खाली अजून एक ओळ:
अर्थ तुटला होता. मी नाही.
मग टोपण लावत म्हणाल्या,
त्या तिसऱ्याला जरा फोन करून सांगाल का हे?

पट्टीचे दोनशे दहा झाले.
फोनचे मी घेतले नाहीत.